मुलीचे मामा रेलिंगवर आहेत

आमच्या घरापुढचा रस्ता ज्या दिवशी पूर्ण सुरक्षित झाला, त्या दिवशी आम्हाला घराबाहेर पडता येईना.

ही तक्रार नाही. रस्ता खरंच चांगला झाला आहे. परभणीच्या भर बाजारातला रस्ता, आणि त्यावरून काठोकाठ भरलेली ताटली घेऊन चाललं तरी पाणी सांडत नाही, हे मी स्वतः चालून पाहिलं आहे. (हिनं चालायला लावलं. पाणी पलीकडच्या कुत्र्यासाठी होतं.) पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी या रस्त्यानं रिक्षातून स्टेशनावर गेलेला माणूस बाकड्यावर बसला तरी बराच वेळ आतून हलत राहायचा. आमच्याकडं एक म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. ती ज्यानं काढली तो माणूस नक्की आमच्याच रस्त्यानं गावात आला असणार.

खड्ड्यांचं एक वेळ सोडा. खड्डा एका जागी तरी असतो. मोटारसायकलींचं तसं नव्हतं. दोन दुकानांच्या मधून, उभ्या टेम्पोच्या आडून, कुठूनही मोटारसायकल निघायची. एकदा माझ्या हातातली मेथीची जुडी अशाच एका हँडलला अडकून थेट जिंतूर रोडला गेली. मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळं दिशा, उतार, अंतर या विषयांत आपल्याला गावापेक्षा जास्त कळतं असा माझा समज होता. तो त्या मेथीच्या दिवसापासून फारच बळावला आणि मी रस्ता सुरक्षेवर बोलायला लागलो. आधी घरात, मग पानटपरीवर, आणि शेवटी नागरिकांच्या बैठकीत.

बैठक बोलावली होती ती नव्या रस्त्याची आखणी समजावून सांगायला. सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना नाली, नालीला लागून फुटपाथ, आणि फुटपाथच्या कडेला लोखंडी रेलिंग, म्हणजे माणसांनी मन मानेल तिथून रस्त्यात उडी घेऊ नये. कामावरच्या इंजिनिअर मॅडम नव्या होत्या, पण शांत होत्या. त्यांनी विचारलं, रेलिंगबद्दल कुणाचं काही म्हणणं आहे का? झालं. प्रत्येक दुकानदाराचं म्हणणं होतं, आणि प्रत्येकाचं एकच होतं: रेलिंग चांगलं आहे, सगळीकडं लावा, फक्त माझ्या दुकानापुढं फट ठेवा. कापडवाल्याला फट पाहिजे होती, भांडेवाल्याला पाहिजे होती, रसवंतीवाल्याला तर दोन पाहिजे होत्या, एक यायला आणि एक जायला.

मला राहवलं नाही. मी उभा राहिलो.

“माणसाला फट दिसली की माणूस तिथून घुसतो,” मी म्हणालो. “एकाला दिली की गावाला दिली. म्हणून या चौकापासून त्या चौकापर्यंत रेलिंग सलग पाहिजे. मी याच रस्त्यावर राहतो. मी माझ्या दारापुढंसुद्धा वीतभर मोकळी जागा मागत नाही!”

टाळ्या पडल्या. त्या बहुतेक ज्यांची दुकानं या रस्त्यावर नव्हती अशांनी वाजवल्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मॅडमनी माझ्याकडं बघून मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणीतरी सरकारी माणूस ऐकत होतं.

घरी येऊन मी हे भाषण हिला पुन्हा करून दाखवलं. ही, म्हणजे सुनंदा, लसूण सोलत होती.

“आणि आपली गाडी?” तिनं विचारलं.

“गाडीचं काय?”

“ती कुठून निघणार हाय?”

इथं आमच्या घराचा भूगोल सांगायला पाहिजे. आमचं घर रस्त्याला लागून नाही. कापडाचं दुकान आणि भांड्यांचं दुकान यांच्या मधून एक बोळ आत येतो, त्या बोळाच्या शेवटी आंगण आणि आंगणात घर. बोळ गाडीच्या मापाचा आहे, म्हणजे गाडी जाते आणि गाडीचे आरसे मिटून जातात. बोळात गाडी असताना दार उघडत नाही. आंगणात वळवायला जागा नाही, म्हणून बाहेर निघताना गाडी उलटी काढावी लागते. मी मागं मान करून बसतो आणि ही बोळाच्या तोंडाशी उभी राहून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणते. गाडीला आरसे आहेत, पण गाडी चालते हिच्या भरवशावर.

तर मी हिला सांगितलं की असल्या तांत्रिक बाबी त्या लोकांना कळतात. एवढ्या मोठ्या कामात एका बोळाचं काय, ते आपोआप बघतील.

“बरं,” ही म्हणाली. आमच्या घरात ‘बरं’ या शब्दानंतर मी नेहमी सावध व्हायला पाहिजे, आणि कधीच होत नाही.

त्याच सुमारास पल्लवीचं लग्न जमलं. पल्लवी माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. भाऊजी लवकर गेले. अक्कानं पालमला शिलाई मशीन चालवून पोरीला वाढवलं आणि दहावीनंतर शिकायला आमच्याकडं पाठवलं. पोरगी हुशार होती, पण तिचा जीव खो-खोत. संध्याकाळी आमच्या आंगणात हिनं वाळत घातलेल्या साड्यांच्या मधून ती पळायची, वळायची, उड्या मारायची. “खेळून कुणाचं भलं झालंय?” असं मी तिला वेळोवेळी समजावून सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि जिल्ह्याच्या संघात निवडून यायची.

मुलगा चारठाण्याचा, चांगला. अडचण होती ती मुलाच्या आजोबांची. आमच्याकडं लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत छापायचा असतो, पाळायचा नसतो. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जातो, तिथून वाजतगाजत परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघतो, पोरं रस्त्यात नाचत बसतात आणि अक्षता पडेपर्यंत पाहुण्यांची भूक मरून जाते. आजोबांनी मात्र लग्नाच्या बैठकीतच बजावलं होतं. “आमच्यात परण्या वेळेवर येतो. नवरदेव बोहल्यावर हाय आन् नवरीची वाट बघायलाव, असं होऊ देऊ नका. वेळ टळली तर मी मांडवात बसत न्हाई.” हे ऐकल्यापासून अक्काला झोप नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं. नवरा नसलेल्या बाईच्या घरचं कार्य आहे, लोक खोट शोधायलाच येतात. जेवणात मीठ कमी पडलं तरी चालेल, पण वेळेत पोरगी उभी राहिली पाहिजे.

आता मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा. भटजी माइकवरून पुकारतात, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं,” आणि मामा तिचा हात धरून बोहल्यापर्यंत आणतो. अख्ख्या लग्नात मामाला एवढंच काम असतं. बाकी वेळ तो फेटा सांभाळत बसतो.

मंगल कार्यालय आमच्याच रस्त्यावर, पलीकडच्या बाजूला, जरा तिरकस. आमच्या गच्चीवरून त्याचं फाटक दिसतं. अक्का म्हणाली, पल्लवीला आदल्या दिवशीच कार्यालयात नेऊन ठेवू. मी साफ नाही म्हणालो. पोरगी माझ्या घरात वाढली, माझ्याच घरातून निघेल, आणि माझ्या गाडीतून जाईल.

“आरं, समोर तर हाय कार्यालय,” अक्का म्हणाली. “गाडी कशाला लागती?”

“नवरी पायी नेतात का कुठं?” मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा रस्त्याचं काम आमच्या बोळाच्या अलीकडं येऊन थांबलं होतं. घरापुढं खडीचे ढीग, त्यावर झोपलेली कुत्री, आणि पापडापासून शालूपर्यंत सगळ्यावर एक पांढरा थर. पाहुणे यायचे होते. मी मुकादमाला, सलीमभाईला, गाठलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या मागं लागलो. आमच्यापुढचं काम लग्नाच्या आत उरकलंच पाहिजे. चहा पाठवला, भजी पाठवली, पत्रिका दिली. मॅडमनाही सहकुटुंब या म्हणून पत्रिका दिली.

“फिकीर करू नका सर,” सलीमभाई शेवटी म्हणाला. “तुमच्या घरचं कार्य म्हंजे आमच्या घरचं. नवरी निघायच्या आत समदं फिट करून देतो.”

माणूस शब्दाचा पक्का निघाला. तिथंच घात झाला.

हळदीच्या दिवशी त्यांनी रेलिंगचे खांब उभे केले. मी मुंडावळ्या आणायला निघालो होतो, थांबून बघितलं. आमच्या बोळाच्या अलीकडं एक खांब, पलीकडं एक खांब, मधे काही नाही. मी घरात जाऊन हिला मुद्दाम सांगितलं की बघ, बोळापुढं बरोबर जागा सोडली आहे. ही हळद कालवत होती. तिनं विचारलं, खांबांना आडवे पाइप कधी लावणार आहेत? मी म्हणालो, ते सगळीकडं लावतील, इथं कशाला लावतील?

“बरं,” ही म्हणाली.

लग्नाच्या सकाळी घरात जी धांदल असते ती होती. अक्का पाहुण्यांसोबत आधीच कार्यालयात गेली. मी आंगणात गाडी सजवत होतो. झेंडूच्या माळा टपावरून सोडल्या, मागच्या काचेवर सोडल्या, उरल्या त्या आरशांना गुंडाळल्या. बोळाच्या तोंडाकडून वेल्डिंगचा चर्रर्र आवाज येत होता आणि निळा उजेड भिंतीवर नाचत होता. “काय कामाला लागलेत बघ सकाळपासून,” मी हिला कौतुकानं म्हणालो.

वेळ झाली. फेटा बांधला, नव्या मोजड्या घातल्या. पल्लवी शालू नेसून मागं बसली, आणि तिचा शालू, मुंडावळ्या, नारळ, तबक हे सगळं सावरायला ही तिच्या शेजारी बसली. म्हणजे ‘येऊ द्या’ म्हणणारं माणूस गाडीच्या आत. आरसे झेंडूत. मागची काच झेंडूत. तरीही मी गाडी उलटी घेतली, कारण रस्ता पाठ होता.

टण्ण.

“काय झालं?” मी विचारलं.

“सुरक्षितता,” ही म्हणाली.

मी खिडकीतून मान बाहेर काढून मागं बघितलं. गाडीचं बूड रेलिंगला टेकलं होतं. नवं कोरं, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं, चौकापासून चौकापर्यंत सलग रेलिंग. पलीकडं सलीमभाई समाधानानं घाम पुसत उभा होता.

“सर, झालं बगा! एक नंबर काम झालंय.”

“सलीमभाई, अहो, हे बोळापुढं कशाला लावलंत?”

त्याचा चेहरा उतरला. “तुमीच बोलले ना मिटिंगमदी. वीतभर बी जागा नको म्हनले. मॅडम आमाला सांगायल्या, त्या सरकडून शिका म्हने. कापडवाला लय भांडायला इथं, बोळ सोडा म्हनत होता. म्या म्हटलं, खुद सरनं सांगितलंय. एक इंच सोडनार न्हाई.”

आपले विचार कुणीतरी मनापासून अमलात आणतंय, हे शिक्षकाच्या नशिबी फार क्वचित येतं. माझ्या आलं तेव्हा मी बोळात अडकलेल्या गाडीच्या खिडकीतून उलटा लोंबत होतो आणि फेटा डोळ्यावर आला होता.

मी म्हणालो, कापा. तो म्हणाला, कापतो की, पण लाइट आत्ताच गेली, मशीन बंद. आणि लाइट आली तरी मॅडमना विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. मी म्हणालो, मग लावा मॅडमना फोन. त्यानं लावला. वाजत राहिला. मॅडम कुठं आहेत?

“त्या तुमच्याकडंच गेल्या ना सर. लग्नाला.”

त्याच वेळी पलीकडून बँडचा आवाज आला. चारठाण्याचा परण्या. वेळेवर. गावाच्या इतिहासात असं झाल्याचं कुणाला आठवत नाही. पोरं नाचत होती, पण चालता चालता नाचत होती, आणि पुढं आजोबा हातातलं घड्याळ बघत चालले होते. कार्यालयाला जनरेटर होता, त्यामुळं तिथला माइक मात्र व्यवस्थित सुरू होता.

“मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.”

मी गाडी पुन्हा आंगणात घेतली. सगळे उतरलो आणि पायी बोळाच्या तोंडाशी आलो. डावीकडं फुटपाथच नव्हता, नाली उघडी होती. तिच्यावर ढापे टाकायचे राहिले होते आणि आतून लोखंडी गज वर आले होते. उजवीकडं फुटपाथ होता. गुळगुळीत, सपाट, सुरेख. सकाळीच केलेला. मी भूगोलाच्या नजरेनं पाहिलं आणि वरचा थर वाळला आहे असा निष्कर्ष काढला. हिनं माझं उपरणं धरलं होतं, ते सोडवून घेऊन मी पाऊल टाकलं.

पाय घोट्यापर्यंत आत गेला. बाहेर काढला तर नुसता पाय आला. मोजडी राहिली.

मी वाकून हात घालणार, तोच सलीमभाई रेलिंगपलीकडून कळवळून म्हणाला, “सर, हात घालू नका, लेव्हल बिघडती!”

“मुलीच्या मामांनी मुलीला लवकर घेऊन यावं. नवरदेव बोहल्यावर उभे आहेत.”

म्हणजे आजोबांचं नेमकं ते वाक्य आता लाउडस्पीकरवरून बाजारभर गेलं होतं. रेलिंगपलीकडं माणसं जमायला लागली. कापडवाला आला. भांडेवाला आला. रसवंतीवाल्यानं यंत्र बंद केलं आणि तोही आला. त्यांना बैठकीतलं माझं भाषण शब्दन् शब्द आठवत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी एका पायात मोजडी, एका पायात सिमेंट असा उभा. मागं पल्लवी शालूत. तिच्या कपाळावरच्या मुंडावळ्या जराही हलत नव्हत्या.

तेवढ्यात माइकवर काहीतरी खरखर झाली. भटजींचा आवाज लांब गेला आणि ज्या आवाजानं मला लहानपणी पेरूच्या झाडावरून उतरवलं होतं तो आवाज सगळ्या बाजारात घुमला.

“बाळ्या. कुटं हायस रं? पोरीची वेळ चालली.”

पन्नाशी उलटलेला माणूस आहे मी. ज्या पोरांना मी शिकवलं त्यांची पोरं आता माझ्या वर्गात आहेत. त्यातली काही गर्दीत होती. त्यांना सरांचं नाव कळलं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लाज वाटली नाही. अक्काचा आवाज शेवटी कापला होता. तो मला ऐकू आला, हिला ऐकू आला, आणि पल्लवीलाही ऐकू आला.

“मामा,” ती म्हणाली, “सरका.”

“कशाला?”

“सरका म्हणते ना. मामी, हे धरा.”

तिनं नारळ हिच्या हातात दिला, शालूचा काठ वर घेऊन कमरेला खोचला, दोन पावलं मागं गेली, आणि मी ‘अगं’ म्हणेपर्यंत एक हात रेलिंगवर टेकून पलीकडं उतरली. बांगडी वाजली नाही. मुंडावळ्या जागच्या जागी. सलीमभाईनं नकळत टाळी वाजवली, मग सगळ्या रस्त्यानं वाजवली. खेळून कुणाचं भलं झालंय, या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या वर्षांनी, भर रस्त्यात आणि वेळेवर मिळालं.

मग ही. हिनं उडीबिडी मारली नाही. तबक आणि नारळ पल्लवीकडं दिले, पदर घट्ट धरला आणि दोन आडव्या पाइपांच्या मधून वाकून अशी निघाली की जणू रोज भाजी आणायला तिथूनच जाते.

राहिलो मी.

माझ्या शरीराची घडण मधून निघण्यासारखी नाही. वरून जावं लागणार होतं. पल्लवी वळून म्हणाली, मामा, या. मी डावा पाय वर टाकला. तो गेला. मग उजवा उचलला. तो नाही गेला. धोतराचा काष्टा खांबाच्या टोकाला अडकला आणि मी रेलिंगवर घोड्यावर बसावं तसा बसलो. नवरदेवाला नव्हता मिळाला तो घोडा मला मिळाला. (आजोबांनी वेळ जातो म्हणून घोडा नको म्हटलं होतं.) पाइपांमधून अलीकडं शिरलेला कापडवाला माझा पाय ढकलत होता, पलीकडून सलीमभाई दुसरा पाय ओढत होता, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

“सर, अंग ढिल्लं सोडा.”

“सोडू नका, पडतेत ते.”

“तुम्ही ढकलायलात कशाला? मी ओढायलोय ना.”

दोन्हीकडची वाहनं थांबली होती. रिक्षा थांबल्या, एसटी थांबली, मोटारसायकली थांबल्या. आमच्या रस्त्यावर पायी माणसासाठी वाहतूक थांबण्याची ती पहिलीच वेळ. एसटीच्या खिडकीतून एक बाई पोराला दाखवत होती. काय दाखवत होती ते मी विचारलं नाही.

कार्यालयाच्या फाटकातून कुणीतरी हे बघितलं आणि आत जाऊन भटजींना सांगितलं असावं. कारण लगेच माइकवरून घोषणा झाली. भटजींचा आवाज अगदी शांत होता, त्यात काही विशेष घडतंय असं वाटतच नव्हतं.

“मुलीचे मामा निघालेले आहेत. सध्या रेलिंगवर आहेत. पाहुण्यांनी धीर धरावा.”

शेवटी पल्लवीनंच सलीमभाईला बाजूला केलं. “मामा, माझा हात धरा आणि खाली बघू नका,” म्हणाली. धोतराचा टर्रकन आवाज आला आणि मी रस्त्यावर आलो. कसा आलो ते नक्की सांगता येणार नाही, पण पायांवर आलो. उपरणं मागून कमरेला बांधलं, कारण आता तिथं त्याची जास्त गरज होती. पल्लवीनं माझा हात सोडला नाही. तिनं आधी उजवीकडं बघितलं, मग डावीकडं, पुन्हा उजवीकडं. अकरावीत असताना मीच तिला तसं शिकवलं होतं. सगळी वाहनं उभी असताना ती शिकवल्याप्रमाणं बघत होती. मग आम्ही रस्ता ओलांडला. (मधला डिव्हायडर आणि पलीकडचं रेलिंग अजून व्हायचं होतं. नाही तर आणखी दोनदा चढावं लागलं असतं.)

कार्यालयाच्या दारात आजोबा घड्याळ घेऊन उभे. त्यांनी मला वरून खाली बघितलं. तिरका फेटा, कमरेला उपरणं, एक मोजडी. मागं अक्का. तिच्या हातातल्या अक्षता घामानं ओल्या. मला वाटलं, संपलं.

“भटजी,” आजोबा म्हणाले, “मामानं पोरीला आणायचं अस्तंय. हितं तर पोरीनं मामाला आणलंय. चालतंय का शास्त्रात?”

भटजींनी माइकवर हात ठेवला. “आले ना दोघं? वेळ आहे अजून. उभं करा.”

आजोबांनी घड्याळ खिशात घातलं. “मग चालतंय,” म्हणाले. आणि मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात पुढं म्हणाले, “जोडा चोरायचा ते नवरदेवाचा चोरतेत ओ. तुमचा कुनी नेला?”

अक्षता वेळेवर पडल्या. अंतरपाटाच्या अलीकडं मी पल्लवीच्या मागं उभा होतो, आणि मंगलाष्टकं सुरू असताना माझ्या लक्षात आलं की तिचा हात अजून माझ्या हातात आहे. मी सोडवायला गेलो तर तिनं घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, “राहू द्या. तुम्ही पडताल.” माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते अक्षता लागल्यामुळं आलं असं मी सगळ्यांना सांगितलं. अक्का मात्र उघड रडली. वेळेत झालं म्हणून रडली, आणि रडता रडता मला म्हणाली, “गाडी लय चांगली सजवली व्हती म्हनं.”

जेवणाच्या पंगतीत इंजिनिअर मॅडम भेटल्या. फोन त्यांनी पर्समध्ये ठेवला होता. माझी हकिकत त्यांनी जिलेबी बाजूला ठेवून ऐकली आणि त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाल्या, “सर, तुमचं उदाहरण मी प्रत्येक रस्त्याच्या बैठकीत देते.” मी म्हणालो, आता दुसरं द्या.

सलीमभाईनं बोळापुढचं रेलिंग कापलं. रुंद, गाडी आरामात निघेल इतकं. आता रस्त्याच्या आमच्या सबंध बाजूला, या चौकापासून त्या चौकापर्यंत, तेवढी एकच फट आहे. त्यामुळं गावाला रस्ता ओलांडायचा झाला की गाव तिथंच येतं. मोटारसायकली येतात, शेळ्या येतात, संध्याकाळी पाणीपुरीचा गाडा येतो आणि गर्दी बघून तिथंच थांबतो. माझी गाडी आंगणातून निघत नाही, कारण बोळाच्या तोंडाशी उभं राहून ‘येऊ द्या’ म्हटलं की वेगळंच कुणीतरी येतं. भांडेवाला मला बघून रोज म्हणतो, “सर, फट दिसली की माणूस घुसतो, बरं का.” माझंच वाक्य आहे. बरोबर आहे.

मोजडी सिमेंटमध्येच आहे. वरून थापी मारून लेव्हल केली. चारठाण्याला लोक जुनी देवळं बघायला येतात. उद्या कधी आमचा रस्ता कुणी उकरला, तर या गावात एका पायानं चालणारी माणसं राहत होती असा शोध लागेल.

आणि लग्नसराई आली की कार्यालयाचा लाउडस्पीकर सुरू होतो. कुणाचंही लग्न असो, भटजी पुकारतात, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” लगेच कापडवाला दुकानातून बाहेर डोकावतो, रसवंतीवाला यंत्र थांबवतो, आणि सगळे आमच्या बोळाकडं बघतात. ही आतून ओरडते, “अहो, तुम्हाला बोलवायलेत.” मी हसण्यावारी नेतो. पण एक गोष्ट मी हिलाही सांगितलेली नाही. ती हाक कानावर आली की मी जिथं असेन तिथं, वर्गात असेन, जेवायला बसलेला असेन, माझा डावा पाय आपोआप गुडघ्यातून वर उचलला जातो.

उजवा अजून अडकतो.